लागू नाही

पवनी
५ नोव्हेंबर २०२५

तुळसा,

तुझी नात येऊन गेली. दारात उभी होती तेव्हा मी ओळखलं नाही, पण चप्पल काढताना तिनं एक पाय दुसऱ्या पायावर घासला आणि मला तूच दिसलीस. मग तिनं नाव सांगितलं, प्रतिक्षा संघपाल रामटेके, भुसावळ. मी म्हटलं, "तुळसाची नात होय? मंग अशी बाहेर काहून उभी आहेस?"

पोरगी गुणाची आहे. अर्थशास्त्र शिकते, एम.ए. करते, हे तुला मी सांगायची गरज नाही. देशात बाहेरून माल किती आला आणि लोकांचे रोजगार किती गेले, असा काहीतरी तिचा प्रबंध आहे. रेशमाच्या कोशाचं काम करणाऱ्या गावांत फिरून ती फॉर्म भरून घेते. माझाही घेतला. नंतर कॉम्प्युटर उघडून मला दोन रेषा दाखवल्या. एक रेषा आयातीची, ती तीस-पस्तीस वर्षांत चढतच गेलेली. दुसरी बेरोजगारीची, ती जमिनीला धरून सरपटते, मध्येच जरा मान वर करते, पुन्हा खाली. पोरगी म्हणाली, "आजी, दोन्हींचा म्हणावा तसा संबंधच लागत नाहीये."

मी विचारलं, "तुह्या आजीचं काम गेलं, ते या रेषेत कुठं आहे?"

तिनं कॉम्प्युटर मिटला. मग म्हणाली, बेरोजगार कुणाला म्हणायचं याचा नियम असतो. जो काम मागतो आणि ज्याला काम मिळत नाही, तो बेरोजगार. ज्यानं मागणंच सोडलं, त्याला घरी बसलेला म्हणतात, बेरोजगार म्हणत नाहीत. आणि तिनं पिशवीतून तुझा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला.

नाव, तुळसा चिंधू रामटेके. धंदा, काही नाही. काम कोणत्या साली सुटलं, लागू नाही.

तुळसा, तो कागद वाचून माझं डोकं जे तापलं ते अजून उतरलेलं नाही. लागू नाही? १९८३ पासून २००३ पर्यंत, वीस वर्षं, तू माझ्या ओट्यावर बसून काय माश्या मारत होतीस? पोरगी बिचारी म्हणाली, "आजीनं सांगितलं, मी काही काम करत नव्हते, सत्यभामाबाईच्या ओट्यावर जाऊन बसत होते." तुझा राग माझ्यावर आहे, तो माझ्यावर काढ. फॉर्मवर काय काढतेस? विदेशी धागा आला आणि आपलं काम गेलं, एवढं लिहायला तुझं काय जात होतं?

जाताना तिनं चार-पाच कोरे फॉर्म ठेवले, बेबीबाई आणि बाकीच्यांसाठी. त्यातला एक यासोबत घडी करून घालते आहे. नीट भर.

मनिष नागपूरहून सांगतो, आई, फोन कर. फोन तू कापशील. कागद कापता येत नाही, फार तर फाडशील, पण तू चौथी शिकलेली आहेस, फाडण्याआधी वाचशील.

सत्यभामा


पवनी
२१ नोव्हेंबर २०२५

तुळसा,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी ओट्यावर येते आणि उगाच झाडू फिरवते. ओटा इतका स्वच्छ गेल्या वीस वर्षांत नव्हता.

परवा घनश्याम कोसेवाला कोंढ्याच्या रस्त्यानं आला होता. त्याचा बाप टोपली डोक्यावर घेऊन यायचा, हा मोटारसायकलवर येतो. म्हणाला, "काकू, कोसे घेता का? आता मागणारेच राहिले नाहीत." मी दोन हातांत चार कोसे घेऊन बघितले. येनाच्या झाडावरचे, टणक, अंड्याएवढे. कानाजवळ नेऊन हलवले तशी आतली अळी खुळखुळली. आणि ओट्यावर सगळा जुना बाजार भरला बघ.

सकाळी आठला तू यायचीस, चिंधूला शेतावर भाकर बांधून देऊन. माझं मडकं चुलीवर चढलेलं असायचं, कोसे सोड्याच्या पाण्यात रटरटत. त्या वासानं बेबीबाई नाकाला पदर लावायची आणि तू म्हणायचीस, "नाकाले पदर अन् पोटाले भाकर, दोन्ही याच वासावर." मग आपण तिघी लुगडं मांडीपर्यंत सारून बसायचो. पाच-सहा कोशांची टोकं एकत्र धरायची, मांडीवर राख लावायची, आणि तळव्यानं पीळ देत देत धागा ओढायचा. माझ्या डाव्या मांडीवर काळा पट्टा पडला आहे तो अजून तसाच आहे. तुझाही असेल. तो काही फॉर्मवर खोटं बोलून जात नाही.

उघड्या मांडीचं काम, म्हणून गल्लीतले पुरुष ओट्यासमोरून जाताना आधी खाकरायचे, आठवतं? आपण पदर ओढून घ्यायचो, ते खाली मान घालून निघून जायचे. मनिषचे बाबा तर स्वतःच्या घरात खाकरून बाहेर यायचे. तू हसायचीस, म्हणायचीस, "मालकाले बारमाही खोकला हाये." त्यांचं काय झालं माहीत आहे? तू गेल्यावरही पाच-सहा वर्षं ते ओट्यावर येताना खाकरायचे. ओटा रिकामा. मी आतून ओरडायची, "कोणी नाही तिथं, या." मग सवय मोडली.

तुझ्या धाग्याची त्यांना पारख होती. माझा जाडाभरडा, गुठळ्यांचा धागा मागावर चढला की काड्या लागायच्या, त्यांची कुरकुर सुरू व्हायची. तुझा चढला की धोटा सरसर जायचा. आतल्या खोलीतून ओरडून सांगायचे, "आज तुळसा चढली वाटते." मला मेलीला राग यायचा. वीस वर्षांत त्यांनी माझ्या धाग्याचं नाव म्हणून घेतलं नाही.

एक गोष्ट लिहायची आहे आणि लिहवत नाही. कपाची. सासूबाईंनी तुझा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवला होता, निळ्या काठाचा. तू स्वतः धुवायचीस आणि स्वतः ठेवायचीस. त्या ९१ साली गेल्या. मला वाटलं होतं, त्या गेल्या की मी तो कप आत आणीन. पण तू रोज तिथूनच घ्यायचीस आणि मी रोज बघायची. आज आणू, उद्या आणू, असं करत बारा वर्षं काढली. सासूचं नाव होतं, हात माझा होता.

मग मनिषच्या बाबांनी तो नागपूरच्या व्यापाऱ्याकडचा विदेशी धागा आणला. २००१ साल. चिनी म्हणत होते, कोणी कोरियाचा म्हणत होते. लडीवरच्या कागदावर काड्या मोडून पसरल्यासारखी अक्षरं होती. मालकांनी ठरवलं, मी काय बोलणार? तुला सांगायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी कोसे आणतच राहिले, तू धागा काढतच राहिलीस, आणि तो धागा मी सासूच्या पेटीत ठेवत गेले. तू विचारायचीस, "चढला का व माहा धागा?" मी म्हणायची, "चढला ना." मजुरी घरखर्चातून काढून देत होते. दोन वर्षं असंच चाललं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू सुई मागायला आत आलीस आणि सुईसाठी पेटी उघडलीस. पुढचं आपल्या दोघींनाही पाठ आहे.

सत्यभामा


पवनी
८ डिसेंबर २०२५

तुळसा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. लिहून टपालपेटीत टाकलंही. आता खरं लिहिते. भाकर थापायची राहिली आहे तरी आधी हे लिहिते.

विदेशी धागा घ्यायचं मनिषच्या बाबांनी ठरवलं नव्हतं, मी ठरवलं होतं. नागपूरला आम्ही दोघं गेलो होतो. व्यापाऱ्यानं लडी माझ्या हातात दिली. गाठ नाही, काडी नाही, एकसारखा, जसा काही एकाच अळीनं न थांबता काढलेला. तुझ्यापेक्षाही बारीक. तुला सांगते, मला बरं वाटलं. तुझ्यापेक्षा बारीक धागा जगात आहे, याचं मला बरं वाटलं. आता थुंक माझ्यावर.

हे म्हणाले, "अन् तुळसाचं काय?" मी म्हटलं, "तिले मी पाहून घेईन. तुम्ही घ्या."

घ्या म्हटलं आणि मी आपल्याच हातानं आपला ओटा मोडला. कारण बाहेरचा धागा आला तेव्हा फक्त तुझं काम गेलं नाही, माझंही गेलं. माझ्या मांडीवरचंही. हे मला पंधरा दिवसांत कळलं, जेव्हा सकाळी मडकं चढवायचं कारणच उरलं नाही. मनिषचे बाबा आत माग चालवत होते आणि मी ओट्यावर हातावर हात धरून बसले होते. त्या दिवशी मी घनश्यामच्या बापाकडून कोसे घेतले आणि तुला बोलावणं पाठवलं.

तू म्हणालीस ते मला शब्दाशब्दानं आठवतं. पेटीसमोर उभी राहून, आवाज न चढवता. "आंधी तुह्या सासूनं माहा कप वेगळा ठेवला. आता तुनं माहा धागा वेगळा ठेवला. मी कामाची बाई होती सत्यभामा, तुनं मले भिकेची करून टाकलं." मग तू पायरी उतरलीस आणि दिवाळीच्या आधी संघपालकडे भुसावळला निघून गेलीस.

मी दया केली असं तुला वाटलं. मलाही बावीस वर्षं तसंच वाटत होतं, आणि मनातल्या मनात थोडी मिरवतही होते की बघा, कशी मी तिला सांभाळली. ते खरं नाही. तू समोर बसली नसतीस तर मीही बिनधंद्याची बाई झाले असते. तू बसली होतीस म्हणून माझा ओटा ओटा होता आणि मी मालकीण होते. तुला मी सांभाळलं नाही. तू मला दोन वर्षं सांभाळलंस, आणि तुला ते माहीतसुद्धा नव्हतं.

माझ्या फॉर्मवर मी काय लिहिलं ते प्रतिक्षानं सांगितलं का? मीही "घरकाम" लिहिलं होतं. तुझ्यावर एवढी तडतडले आणि माझा स्वतःचा फॉर्म तसाच होता. ती पोरगी जाईपर्यंत मला लाज वाटली नाही, नंतर वाटली. बेरोजगार म्हणवून घ्यायला आधी रोजगार असावा लागतो ना गं. आपला तो कोणी मानलाच नाही, आधी आपणच नाही.

आता कामाचं. मनिषच्या बाबांचं सत्तर सरलं. उजवा हात थरथरतो. संक्रांतीनंतर माग सोडायचा, लाकूड मनिष म्हणेल त्याला द्यायचं, असं ठरलं आहे. तीन लोकांनी माग बघूनही ठेवला, एकाला त्याचं टीव्हीखालचं टेबल करायचं आहे.

म्हणून मी पेटी उघडली. बावीस वर्षांनी. तुझा धागा तसाच आहे, रंग थोडा गडद झाला. खालच्या लड्यांचा उंदरांनी भुगा केला, वरच्या थोड्या शाबूत. यांना दिल्या. यांनी त्या बोटांतून फिरवून बघितल्या आणि त्याच दुपारी हे ताणा लावायला बसले. बाणा सगळा तुझा. रोज थोडं थोडं विणतात. हात थरथरतो पण धोटा सरसर जातो, मी भिंतीला टेकून ऐकते.

लुगडं झालं आहे, पदराला दीड हात कमी पडतंय. बाकीचा धागा उंदरांनी खाल्ला.

तेवढा धागा मी स्वतः काढून बघितला. काड्या. हे म्हणाले, "हा नाही चालणार, पदरावर दिसंल." या वयातही माझ्या धाग्याला नाव ठेवायची हौस गेली नाही. विदेशी लडी बाजारात मिळेल, मनिष म्हणतो ऑनलाइन मागवतो. ती मी या पदराला लागू देणार नाही.

घनश्यामकडून शंभर कोसे घेतले. उद्या पार्सल करते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कोसे उकडल्यावर शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. ही दया नाही, पेटीत ठेवायला मागत नाही. काम आहे, ते अडलं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला येत नाही. जमत नसेल तर तापीत टाकून दे, माझं काही म्हणणं नाही.

सत्यभामा


पवनी
३० डिसेंबर २०२५

तुळसा,

पार्सल पोचल्याचं पोस्टातून कळलं. सही संघपालची आहे म्हणे.

माग तसाच उभा आहे. हे रोज सकाळी त्यावरची धूळ पुसतात. संक्रांतीला पंधरा दिवस आहेत.

गुडघे दुखत असतील तुझे. जमिनीवर बसता येतं का, हे विचारायचं मी विसरलेच. खुर्चीवर बसून मांडीवर पीळ देता येतो का गं? मी काल करून बघितलं, येतो.

सत्यभामा


पवनी
११ जानेवारी २०२६

तुळसा,

धागा पोचला.

काल दुपारी आला. पिशवीत दुसरं काही नव्हतं, चिठ्ठी नाही, निरोप नाही, फक्त मुठीएवढं गुंडाळं. मी ते ओट्यावर ठेवलं आणि आत ओरडले, "आलं." हे उठले, दारापर्यंत आले, आणि तुळसा, ओट्यावर पाय ठेवायच्या आधी ते खाकरले.

मी लुगडं सारून वगैरे बसले नव्हते, सरळ उभी होते. तरी पदर ओढून घेतला.

त्यांनी धाग्याचं टोक काढून दोन बोटांत धरलं, डोळे मिटले. म्हणाले, "तुळसाच आहे. थोडी जाडी झाली." म्हातारी झाली म्हणायचं असेल. मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला.

मग मी गुंडाळं उलगडून कांड्या भरायला बसले. अर्धा धागा निघाल्यावर आत कागद दिसायला लागला. तू कागदाची घडी करून तिच्यावरच धागा गुंडाळला होतास. मला घाई सुटली, पण धाग्याला घाई चालत नाही, तूच शिकवलं होतंस. तासभर लागला. शेवटचा वेढा सुटला तेव्हा हेही बाजूला येऊन बसले होते.

तो मी पाठवलेला फॉर्म होता. तुझं अक्षर अजून तसंच आहे, चौथीतलं, गोल गोल. मोठ्यानं वाचून दाखवला यांना.

नाव, तुळसा चिंधू रामटेके. धंदा, कोशाचा धागा काढणे. किती वर्षं, वीस. काम कोणत्या साली सुटलं, २००३. काम सुटण्याचं कारण, इथे छापलेलं होतं, आयात, यंत्र, आजारपण, इतर. तू "आयात"वर खूण केलीस, "इतर"वरही केलीस, आणि "इतर"पुढे लिहिलंस, मालकीण खोटं बोलली.

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मी हसले नाही, कारण माझी नजर खालच्या ओळीवर गेली होती. सध्या काम मिळाल्यास कराल का? होय, नाही. तू "होय"वर खूण केली आहेस. दोनदा गिरवली आहेस, कागद फाटेपर्यंत.

तुझ्या नातीला हा कागद दाखवलास का? नसेल तर मी पाठवते. तिच्याच नियमानं आता तू बेरोजगार झालीस. तिच्या त्या सरपटणाऱ्या रेषेला सांग, एका बाईएवढी वर हो. माझाही फॉर्म परत मागवून घेते आहे, दोन बायांएवढी होऊ दे.

आज सकाळी पदर पुरा झाला. मागावरून लुगडं काढलं, पण माग सोडलेला नाही. यांनी टेबलवाल्याला फोन करून सांगितलं, "सध्या नाही." का ते सांगितलं नाही. मी घनश्यामला सांगून ठेवलं आहे, कोसे आण.

आणि फॉर्मच्या मागच्या बाजूला तू जे एकच वाक्य लिहिलं आहेस, त्याचं उत्तर. "चहा कोणत्या कपात देशील ते आंधी सांग."

तर ऐक. सासूबाईंचा सगळा सेट या बावीस वर्षांत फुटला. काही मनिषच्या पोरांनी फोडले, काही मी. बाजूला कोनाड्यात होता म्हणून एकच वाचला, निळ्या काठाचा. घरात चिनी मातीचा तेवढाच कप आहे, बशीसकट. गेली सात-आठ वर्षं सकाळी आम्ही दोघं त्यातच पाळीपाळीनं चहा पितो. तुला कधी कळवता आलं नाही.

तू ये. कपात तू घे, मी बशीत घेईन.

सत्यभामा